वर

सहाशे रात्री भरल्या की हिरा मिळायचा.
काचेचा. चण्याच्या डाळीएवढा, मागे पिन.
त्याआधी चांदी, मग सोनं, मग पाचू,
आणि दर रंगाला आमचं हसू वेगळं,
ते खालच्या डेकवर, आरशासमोर,
पगारी वेळेत शिकवलेलं.

मार्गरेट बाई. नववा मजला, शेवटून दुसरी खोली.
नवरा गेला तेव्हा चारशे बारा झाल्या होत्या.
कागदी नॅपकिनवर हिशेब मांडून दाखवायच्या मला:
एकटीनं खोली घेतली तर भाडं दुप्पट,
म्हणून रात्रही दुप्पट धरतात.
"विधवा होण्याचा एवढा एकच फायदा, परकार."
मी टॉवेलचा हत्ती करत ऐकायचो.

आणि एवढं करून मिळणार काय,
तर धुण्याची एक पिशवी फुकट,
बंदरात उतरताना रांग नाही,
कप्तानाशेजारी बसून एकदा जेवण,
उशीवर चॉकलेट एकाच्या जागी दोन.
बाईंना साखरेचा आजार.
दोन्ही मीच खायचो.

हिरा लागला त्या रात्री बँड वाजला,
लोक चमचे खाली ठेवून उभे राहिले.
खोलीवर आल्यावर बाईंनी बूट काढले,
सुजलेले पाय स्टुलावर घेतले, म्हणाल्या,
"कोणीतरी मोजत होतं, बघ."
मला हसू आलं नाही.
शिकवलेलंसुद्धा नाही.

शेवटच्या सफरीला पिन माझ्या मुठीत देऊन
त्यांनी विचारलं, तुझ्या किती झाल्या रे?

दाभोळला परतल्यावर एका दुपारी मोजल्या,
खलाशी-पुस्तकातल्या शिक्क्यांवरून, चष्मा पुसत पुसत.
एकोणीस करार.
चार हजार तीनशे आणि वर काही.
खालच्या डेकला कार्ड नव्हतं, मी म्हटलं.
रुखय्या कोलीम निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मग माझ्या दुप्पट धर."

बंदरावर पहिलं वर्ष मी पाव्हणाच.
सुगंधा खारवीण मला वाटा दीडशेला सांगायची,
आणि माझ्या मागून आलेल्या रुखय्याला शंभरला,
शिवाय वर दोन.
एकदा न राहवून विचारलंच.
"तुमचं काय," ती सुरी घासत म्हणाली,
"आज हाय, उद्या बोटीवर."

तेव्हापासून रोज जातो,
धोपाव्याहून पहिली फेरीबोट लागायच्या आत.
श्रावणात, तिच्यापुढे कोणी फिरकत नाही, तेव्हाही.
सुटे नसले तर पन्नास तिच्याकडेच सोडून येतो
आणि आठवण करत नाही.
एकदा वळीव आला, तिच्या टोपलीवर छत्री धरली,
मी भिजलो. तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही.
इथं कार्ड नाही, बँड नाही.
आपण कुठल्या रंगावर पोचलो
ते तिला ठाऊक,
आणि ती सांगणाऱ्यातली नव्हे.

परवा गुरुवारी
तिनं वाटा माझ्या पिशवीत ओतला.
बोलत होती ती पुढच्या गिऱ्हाइकाशी, नातवाच्या दाताबद्दल.
हात मात्र आपला आपण टोपलीत गेला
आणि दोन मांदेली वर पडल्या.

मी काही बोललो नाही.
जेट्टीच्या उतारावर पिशवी
या हातातून त्या हातात घेतली, एवढंच.

घरी रुखय्यानं परातीत ओतल्या.
ओढणीला बाईंचा हिरा लावलेला असतो तिच्या,
खाड्याचा वारा फार, दुसरी पिन टिकत नाही.
तिनं मोजल्या.
थांबली. परत मोजल्या.
"चांदी लागली म्हणायची," म्हणाली,
आणि वरच्या दोनांतली एक
मांजराला टाकली.